बाबांचं उंचीचं मीटर

माझे बाबा, बाबुलाल, वीस वर्षं वायुदलात विमानांची मीटरं दुरुस्त करत होते आणि एकदाही विमानातून उडाले नाहीत. आई, विमलाबाई, त्यावरून त्यांना डिवचायची. "जलमभर उंची मोजली, अन् चढले कायच्यावर? तं एसटीवर!" बाबा हसायचे. निवृत्तीनंतर त्यांनी नागपूरच्या भंगारातून उंची दाखवणारं एक जुनं मीटर आणलं आणि आमच्या वरठीजवळच्या घरात भिंतीला ठोकलं. रोज सकाळी काचेवर बोटानं दोनदा टकटक करायचे, मगच वाचायचे. अडकलेली सुई त्यानं हलते म्हणे.

त्या डब्याला उंची कळतच नाही, हे त्यांनीच मला शिकवलं. त्याला कळतो फक्त हवेचा दाब. वर जावं तसा दाब कमी होतो आणि सुई चढते. पण पावसाळी हवा आली की जमिनीवरही दाब उतरतो, आणि आमचं साडेआठशे फुटांवरचं घर जागच्या जागी हजार फुटांवर जातं. "घर चढून राहिलं रे सुगत, धान झाक," असं बाबा म्हणायचे आणि बहुतेक वेळा पाऊस यायचाच. मोबाइल उपग्रहांपासूनचं अंतर मोजून उंची काढतो, त्याला पावसाशी देणंघेणं नाही. "मंग विमानात हे डबडं कायले ठेवतेत?" मी एकदा विचारलं. "साऱ्यायचे मीटर सारखेच चुकले, तं टक्कर होत नाही," बाबा म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. मूर्ख होतो आम्ही. सगळं कळतं आणि 'पाणी' एवढंही म्हणता येत नाही, याहून वाईट कोंडवाडा कोणता? मीटर समोरच्या भिंतीवर होतं, पण त्यांच्या हाताच्या पल्ल्याबाहेर. आम्ही तर तिकडे बघणंच सोडलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर कापलेल्या धानाच्या मुठी-मुठींच्या कडपा शेतातल्या बांधीत वाळत पडल्या होत्या. वर्षभराचा भात तोच. दुपारी मी प्लांटमधली सकाळपाळी संपवून घरी आलो तर बाबा डाव्या हातानं खाटेचा दांडा ठोकत होते.

"सकायपासून चालू हाये," आई रडकुंडीला आली होती. "पानी देलं, कूस बदलवली. काय पायजे जी तुमाले?"

बाबांची नजर मीटरवर होती. सुई हजाराच्या वर. मी मोबाइल काढला. आठशे साठ. लागला शोध! मीटर बिघडलं म्हणून म्हाताऱ्याचा जीव कासावीस झालाय. आभाळ स्वच्छ होतं, आणि शिकवलेलं एक अक्षरही मला आठवलं नाही.

"सुई चुकली ना बाबा? थांबा, बरोबर करून देतो."

मीटरची कळ फिरवून मी सुई साडेआठशेवर आणली. बाबांच्या घशातून आवाज निघाला. मला तो आनंदाचा वाटला. जेवून मी झोपलो.

पाचला पाऊस कोसळला. कडपा गोळा करून ताडपत्रीखाली घालायला ती दुपार पुरली असती. आता त्या पाण्यात तरंगत होत्या. मी चिंब होऊन घरात आलो तर बाबांनी तोंड फिरवलं. तेवढं त्यांना जमत होतं. मला माझी लाज वाटली. त्या माणसाकडे बोलायला एक सुई उरली होती, तिचाही मी गळा दाबला होता.

तीन दिवसांनी ऊन पडलं, दाब पुन्हा वाढला. मी फिरवलेली सुई आता सातशेच्याही खाली गेली होती. मी मीटर भिंतीवरून काढलं आणि त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं.

अंगठ्यानं ते कळ फिरवू लागले. अंगठा घसरायचा. मी हात पुढे केला तर आईनं मागे ओढला. अर्ध्या तासानं सुई साडेआठशेवर आली. मग त्यांनी काचेवर दोनदा टकटक केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"साडेआठशे, बाबा," मी वाचलं.

त्यांनी पुन्हा टकटक केली. मी पुन्हा वाचलं. दिवस बुडेपर्यंत आम्ही बापलेक एवढंच बोलत बसलो.