श्वास रोखून दिलेलं माप

हेडक्लार्कसाहेबांची पँट कंबरेला आवळलेली आणि सदरा पोटावर ताणलेला. खुर्चीवर ते बसत नसत, नुसते टेकत. ऑफिसात कोणी हसलं की अभिमानाने शिंप्याच्या दुकानाचा पत्ता सांगत. "बालमित्र आहे माझा. दुसरीकडे कापड टाकणार नाही!"

बायको वैतागे. "अहो, घट्ट होतंय एवढं तरी सांगा त्यांना. की जीव गेला तरी चालेल?"

साहेब सांगत नसत. शाळेच्या प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट त्यांनी फोडलं होतं आणि गुरुजींच्या कानात नाव सांगितलं होतं या जिवलग मित्राचं. मित्राचं नाव शाळेतून काढलं गेलं, बापाने त्याला शिलाई मशीनवर बसवलं. साहेब मात्र शिकले, नोकरीला चिकटले, वर चढले आणि दरवर्षी दोन जोड शिवून घेऊन पाप धूत राहिले. टेप कंबरेला लागली की मित्राच्या इतक्या जवळ उभं राहून त्यांचा श्वासच अडके. पोट आत, छाती वर. शिंपी बिचारा दिसेल ते माप घेई.

निवृत्ती जवळ आली, तसा साहेबांना धीर निघेना. आपण कबूल करू, मित्र गळ्यात पडेल, दोघंही रडू, असं सगळं मनात रचून ते दुकानात शिरले. टेप कंबरेभोवती असतानाच म्हणाले, "ते कपाट मी फोडलं होतं रे."

"आपण दोघंच तर होतो तिथे. मी नाही फोडलं, म्हणजे आणखी कोण फोडणार? श्वास सोड आधी."

साहेबांनी सोडला. पोट टेपेसकट बाहेर आलं. शिंप्याने आकडा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अरे ढब्ब्या, हे असं होय! लोक म्हणतात, याला शिवता येत नाही. आणि तू तसले कपडे घालून गावभर माझं नाव सांगत हिंडतोस! कपाटाचं सोड, माझं गिऱ्हाईक तोडलंस तू!"

"माफ कर मला."

"पुन्हा माझ्याकडे शिवायला येणार नाहीस, कबूल?"

"तू म्हणशील तसं."

"मग केलं माफ. जा."

साहेबांचा चेहरा पडला. जन्मभर उराशी जपलेलं ओझं, आणि असं चुटकीसरशी? "अरे, जरा विचार करून तरी कर!"

"विचार केला तर नाही करणार," शिंपी म्हणाला आणि त्याने टेप गुंडाळून ठेवली.