कॉलरमास्तर मामा आणि साहेबांचं पुस्तक

माझ्या मामाला सगळे कॉलरमास्तर म्हणत. शर्टाच्या कारखान्यात कॉलरीची टोकं उलटवावीत तर त्यानेच. इतर लोक कात्रीचं टोक खुपसायचे. हा आत दोरा धरून अलगद ओढायचा. कारखान्याच्या साहेबांवर त्याचा भारी जीव. साहेब म्हणाले पूर्व, की मामाचीही पूर्व.

परदेशातून माणसं शिकायला आली तेव्हा साहेब म्हणाले, "तिकडे आपली शाखा निघतेय. इथलं काम वाढेलच." माझे बाबा त्याच विभागात होते. ते मामाला म्हणाले, "शिकवू नकोस. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेशील." मामा उसळला, "अरे, साहेबांनी शब्द दिलाय!" त्याच्या भरवशावर मग सगळा विभाग शिकवायला लागला, मनात नसताना बाबासुद्धा. वर्ष सरायच्या आत कारखान्याला कुलूप लागलं आणि मशिनं तिकडे गेली. मामाला सगळं ठाऊक होतं, तो विकला गेला, असं बाबांनी ठरवून टाकलं. त्याच्याशी बोलणंही सोडलं. आईची मात्र दोघांच्या मध्ये फरफट झाली.

परवा साहेबांनी जागतिकीकरणावर लिहिलेलं जाडजूड पुस्तक आलं. मामाने हौसेने विकत घेतलं. "बघ, काय लिहितात साहेब!" असं मला ऐकवत ऐकवत वाचत होता, तो एका पानावर अडला. मी पुस्तक ओढून घेतलं. 'कारखाना हलवायचं आधीच ठरलं होतं. कामगारांना सुगावा लागू न देता त्यांचं कसब पुढे पोचवणं महत्त्वाचं होतं.' खाली 'एका भाबड्या कारागिराचे' आभार. नावसुद्धा नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मामा मात्र घाईघाईने चपला घालायला लागला. "चल, तुझ्या बापाला दाखवू. मला माहीत नव्हतं, हे इथे छापलंय." त्याला चक्क आनंद झाला होता, आणि मला तो बघवत नव्हता.

घरी बाबांनी चष्मा लावून ते पान वाचलं, मग पुन्हा वाचलं. मामा उभाच.

"म्हणजे तू विकला गेला नव्हतास?"

"नाही रे! शप्पथ."

बाबांनी पुस्तक मिटलं. "मला वाटायचं, आमचं वाटोळं झालं, पण निदान तुझं तरी काही भलं झालं असेल. तुला तर त्या साहेबाने फुकटच वापरलं."

मामा मटकन खाली बसला. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हाही रडला नव्हता, तो आमच्या घरात हमसून हमसून रडला.