सगळ्या वाटा पहिल्या पानावर

आमची लग्नगाण्यांची वेबसाइट सांभाळणारे गृहस्थ देवासच्या जुन्या मराठी घरातले. दर गणपतीत मातृभाषेवर खणखणीत भाषण ठोकतात. स्वतःच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मात्र बोटं मोडत एकच पालुपद, ‘काकू, टेन्शन मत लो.’

साइटचं नाव बदललं तेव्हा प्रत्येक गाण्याचा जुना पत्ता त्याच गाण्याच्या नव्या पानाकडे रीडायरेक्ट करायचा होता. यांनी सगळे पत्ते पहिल्या पानावर नेऊन सोडले. गाणं शोधत आलेली माणसं तिथूनच परत फिरली आणि महिन्याभरात आम्ही सर्चमधून दिसेनासे झालो.

मी जाब विचारला. त्यांनी साइटचा पूर्ण पत्ता स्वतः टाइप केला. ‘ये देखो, खुल तो रही है! इतकी गाणी एकेक करून कोण जुळवत बसणार, काकू?’

परवा त्यांच्या आईंचा फोन आला. ‘धाकट्याचं लग्न ठरलंय. घाणा भरायची गाणी नेटवर सापडतच नाहीत हो.’

‘तुमच्या थोरल्यांना विचारा. त्यांनीच हलवलीत.’

त्या कौतुकानं हसल्या. ‘त्याला कुठलं मराठी वाचून कळतंय! गणपतीतलं भाषणसुद्धा मीच पाठ करून घेते.’