चौथं शील

"ते कालच्यापुरतं होतं. उचल दप्तर."

मॅडम एवढंच बोलल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत. मी पाचवीत होते. आदल्या दिवशी मला 'ए' तुकडीत खिडकीजवळच्या बेंचवर बसवलं होतं, म्हणून आजही तिथेच येऊन बसले होते. मी उठते न उठते तोच शेजारच्या मुलीने रुमालाने माझी जागा पुसायला घेतली. वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "ए पंचवीस, तुझा वर्ग तिकडे."

पंचवीस म्हणजे आम्ही. खासगी शाळेने पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांना मोफत द्यायच्या, असा कायदा आहे. चंद्रपुरातल्या त्या इंग्रजी शाळेने जागा दिल्या. वर्ग दिला नाही. आम्हाला सायकल स्टँडमागच्या टिनाच्या खोलीत बसवलं. मार्च लागला की डोकं भणभणायचं. पंखा फिरायचा कमी, कुरकुरायचा जास्त.

आदल्या दिवशी तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. सकाळीच आम्हाला दोन-दोन करून चांगल्या वर्गांत पेरलं. मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "साहेबांनी विचारलं तर सांग, आम्ही रोज इथेच बसतो."

साहेबांनी विचारलं. मी सांगितलं. इतकं खणखणीत सांगितलं की त्यांनी माझी पाठ थोपटली. मला वाटलं, चांगलं बोलले, आता इथेच ठेवतील. घरी जाऊन आईला सांगितलं, "मले मोठ्या वर्गात घेतलं." आईने शेवयांची खीर केली. दुसऱ्या दिवशी मी दप्तर उचलून टिनाखाली परत.

मॅडम परकी असती तर मी एवढी तुटले नसते. ती आमच्याच वस्तीतली, आमच्याच समाजाची. विहारात आम्ही तिला मावशी म्हणायचो. दर रविवारी तीच पोरांकडून पंचशील म्हणून घ्यायची. माझ्या प्रवेशाचा फॉर्मही तिनेच भरला होता. बाबा वीज केंद्रात ठेकेदाराकडे राबायचे. ते आईला म्हणाले होते, "आपली बाई हाय तिथी. पोरीले काऊन भ्यायचं?" कुंपणानेच शेत खाल्लं, हे त्यांना कोण सांगणार?

त्या रविवारी विहारात मावशी पांढऱ्या साडीत पुढे बसली. ती म्हणेल तसं आम्ही म्हणायचं. पहिलं शील झालं. दुसरं. तिसरं. मग चौथं आलं, मुसावादा वेरमणी. मी खोटं बोलणार नाही.

मी उभी राहिले.

"मावशी, हे तुमी नका म्हणू. तुमीच मले खोटं बोलाले लावलं."

बाबांनी हात धरून खाली ओढलं. काय खोटं, कुणाशी, एकानेही विचारलं नाही. एक म्हातारे म्हणाले, "पोरगी लय आगाऊ हाय." मावशीने डोळे मिटून पाचवं शील सुरू केलं आणि सगळे तिच्यामागे म्हणू लागले. माझी आईसुद्धा. वर्गातल्या हसण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

बाहेर चपला घालताना मावशी कानाशी आली. शाळेत कशी छापील बोलायची, इथे आमच्यासारखीच. "तुले हा प्रवेश कोणामुळं भेटला, इसरू नको."

त्याचं उत्तर माझ्याकडे आता आहे. कायद्यामुळे भेटला, मावशी. तुमच्यामुळे नाही.

आठवीपर्यंत त्याच खोलीत शिकले. आज मी कॉम्प्युटर सेंटरवर काम करते, मोफत प्रवेशाचे फॉर्म भरून देते. पण फॉर्म भरून हात झटकत नाही. शाळा सुरू झाली की पोर कुठे बसवलंय ते जाऊन बघते. फाटकावर हटकतात. हटकू देत.

या वर्षी माझ्याच जुन्या शाळेत गेले. टिन नवं घातलंय. खोली तीच, आत बसलेली पोरंही आमच्यासारखीच. मावशी आता मुख्याध्यापिका आहे. तिने चहा मागवला आणि हळूच म्हणाली, "आपल्याच माणसाचे पाय ओढतं का तू?" चहा तसाच ठेवून मी खोलीचे फोटो काढले. घरी येऊन तक्रार लिहिली. शाळेच्या नावाखाली तिचंही नाव लिहिलं.

बाबांनी कागद दोनदा वाचला.

"तिचं नाव खोड ना माय. समाजाची बाई हाय. लोक काय म्हणतीन?"

"आत बसून राह्यले ते लेकरं कोणाचे हायत, बाबा?"

बाबांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी मी शिक्षण खात्याच्या कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. वस्तीतली काही घरं आता आमच्याशी बोलत नाहीत. नका बोलू. सुनावणीला मी जाणार आहे, आणि साहेबांनी विचारलं की तिच्यासमोर, तिच्याकडे बघून, सगळं सांगणार आहे.