मोगऱ्याची नळी

वडिलांनी फोनवर ‘सूनबाईचा मोगरा’ असं म्हटलं, तेव्हा मी कॉलेजच्या कट्ट्यावर डबा उघडून बसले होते. ते सहजच बोलले होते. घरी पाहुणे आलेले, त्यातल्या बायका स्लॅबवर गेल्या आणि सूनबाईचा मोगरा बघून म्हणाल्या, असला भरलेला मोगरा धाराशिवात पण बघितला नाही. एवढंच. पुढे ते उसाचं सांगत राहिले, पण माझं लक्ष उडालं होतं. तो मोगरा माझा होता.

दहावीला असताना शाळेतल्या बाईंनी त्याची फांदी दिली होती. तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून मी ती लावली. नंतर रंगाच्या बादल्या, फुटकी घागर, जे सापडेल त्यात एकेक झाड आलं. जास्वंद, कढीपत्ता, सदाफुली, दोन गुलाब. आमचं घर येडशीच्या बाजूला, शेतातल्या वस्तीवर आहे. उन्हाळ्यात दुपारी स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. तिथे झाडं जगवली याचा मला अभिमान होता. आमच्या घरात तोवर कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. मी निघाले तेव्हा आईनं कपडे भरून दिले आणि मी तिला कुंड्यांचं समजावून सांगितलं. पण तिचे गुडघे दुखतात. दादाचं लग्न झालं आणि पाणी घालायचं काम वहिनीकडे गेलं.

वहिनी वाशी तालुक्यातली. माझ्याहून जेमतेम वर्षानं मोठी, बारावी झालेली. वागायला चांगली. तिच्यात दोष काढता आला असता तर मला सोपं गेलं असतं. सुट्टीला घरी गेले की आईच्या तोंडी तिचंच नाव. सूनबाईच्या भाकरीला पापुद्रा चांगला येतो. सूनबाईनं हात लावला की गाय पान्हा सोडते. मी ऐकून घ्यायची आणि स्लॅबवर जाऊन बसायची, कारण तिथलं तरी सगळं माझं होतं. आता तेही तिचं झालं होतं. मला वाईट वाटलं, असं मी मैत्रिणीला सांगितलं. खरं तर मी जळत होते.

परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी मिळाली तेव्हा मी ठिबक करायचं ठरवून घरी गेले. कॉलेजच्या ऑफिसबाहेरच्या कुंड्यांना बारीक काळ्या नळ्या लावलेल्या मी रोज बघत होते. आमच्या गोठ्यात उसाच्या जुन्या ठिबकची वेटोळी पडलेलीच होती. बारीक नळ्या आणि थेंब सोडणारे ड्रीपर मी कृषी केंद्रातून आणले. घरात सांगितलं, की उन्हाळा वाढतोय, कुणाला त्रास नको. मनातलं कारण वेगळं होतं. झाडांना वहिनीचा हात लागायला नको होता.

उसाच्या नळीला ठरावीक अंतरावर आधीच भोकं असतात, कुंड्या तर वाटेल तशा ठेवलेल्या. म्हणून ती भोकं असलेले तुकडे कापून टाकले आणि चांगले तुकडे जोडत गेले. दादा मधूनमधून वर येऊन हसून जायचा. म्हणाला, आता कुंड्यातला ऊस कारखान्याला घालायचा का?

पाणी कुठून घ्यायचं हा प्रश्न होता. टाकीच्या तोटीला जोडलं तर रोज कुणीतरी तोटी उघडायला हवी, आणि ते कुणीतरी म्हणजे वहिनीच. मग मी शेतात करतात तसं केलं. आमच्या बोअरच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला आहे. लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. मोटरचं पाणी ज्या पाइपातून वर टाकीत येतं, त्यालाच मी नळी जोडली. लाईट आली की मोटर, मोटर चालली की कुंड्यांना पाणी. माणसाचं कामच नाही.

पहिल्यांदा प्रत्येक कुंडीत थेंब पडायला लागले तेव्हा सगळे वर आले होते. वडील कौतुकानं बघत होते. मी म्हणाले, “आता कुणी वर यायची गरजच नाही.” हे म्हणताना मी वहिनीकडे बघितलं. तिच्या हातात सवयीनं आणलेली बादली होती. ती बादली घेऊन खाली गेली. मला बरं वाटलं.

मी धाराशिवला परतले आणि पुढच्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची झाली. तीच मोटर उसालाही पाणी देते, त्यामुळे लाईट असेपर्यंत ती चालू राहते. एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. उसाला पाजावं तसं मी कुंड्यांना पाजत होते. डब्यांतली माती वाहून गेली, दोन ड्रीपर दाबानं निसटून कुठं उडाले ते सापडलेच नाहीत, मोगऱ्याची पानं पिवळी पडली. हे सगळं आईनं पंधरा-वीस दिवसांनी फोनवर सांगितलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, की दादानं नळी टाकीच्या तोटीला जोडलीय, सकाळी चहा होईपर्यंत तोटी उघडी ठेवतो, आता झकास चाललंय. मग सहज म्हणाली, “मोगऱ्याची नळी तेवढी सूनबाईनं काढून टाकली.”

सगळ्या कुंड्यांपैकी नेमका मोगरा. शनिवारचा पेपर संपताच मी एस.टी. पकडली. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होते. फाट्यावर उतरून घरी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. आई गोठ्यात होती. मी पिशवी ओट्यावर टाकली आणि सरळ जिना चढले.

वहिनी मोगऱ्यापाशी उकिडवी बसून तांब्यानं पाणी घालत होती. पिवळी पानं खुडलेली होती, वर नवी फूट होती आणि कळ्याही. मोगऱ्याची नळी दुमडून रबरानं बांधून बाजूला ठेवली होती. बाकीच्या कुंड्यांच्या नळ्या जागच्या जागी होत्या.

“नळी का काढली?” मी विचारलं. कधी आलात, चहा घेतला का, असलं काही बोलायला मी तिला जागाच दिली नाही.

“मोगऱ्याला हातानंच घालते, ताई.”

“बाकीच्यांना नळी चालते की.”

“चालती. बरं चाललंय त्यांचं.”

“मोगरा माझा आहे, वहिनी.”

वाटेत जुळवलेलं सगळं सोडून हेच तोंडातून निघालं, आणि लहान पोरीसारखं निघालं. तिनं तांब्या बादलीत ठेवला. मला वाटलं ती चिडेल. ती जरा हसली.

“तुमचाच हाय की. म्या कवा माझा म्हणलं? कॉलेज तुमचं, हॉस्टेल तुमचं, मोगराबी तुमचाच. मला निस्तं पाणी घालू द्या.”

मग ती बादलीकडे बघत म्हणाली, “नळी लागली तवा आत्या म्हणल्या, आता वर काय काम हाय? काय काम हाय म्हणून सांगू, तुम्हीच सांगा. एक कुंडी राहू द्या वर यायला.”

आत्या म्हणजे माझी आई. आई काही वाईट बोलली नसणार. ती सगळ्यांनाच तसं विचारते. पण आमच्या घरात फोनला रेंज नाही. अंगणात कशीबशी येते, आणि तिथे आई, वडील, दादा, कुणी ना कुणी असतंच. नीट रेंज फक्त स्लॅबवर. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण कुंड्यांशी मी ते कधी जोडलं नव्हतं. तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात, टाकीच्या सावलीत गेली. “हां मम्मी, बोल,” एवढं ऐकू आलं. तिचा आवाज घरात असतो त्यापेक्षा मोठा होता, आणि ती मध्येच हसत होती. तिला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी खाली आले.

माझा हेवा तिथे संपला असं लिहिता आलं तर बरं दिसेल. तो संपला नाही. मला एवढंच कळलं, की मला धाराशिवचा सगळा रस्ता मोकळा असताना मी तिच्याकडून एक तेलाचा डबा काढून घ्यायला आले होते. कळल्यावरही तो डबा मला हवाच होता.

सकाळी मी वर जाऊन नळ्या तपासल्या. मोगऱ्याची नळी ड्रीपरला पुन्हा सहज बसत होती. बसवून बघितली, मग काढली. रबर जसा होता तसा बांधला. खाली चुलीपाशी आईनं विचारलं, मोगऱ्याची नळी जोडली का.

“नाही. तिथं भोक मोठं झालंय, पाणी सुटतं,” मी म्हणाले. “त्याला हातानंच घालावं लागेल. रोज.”

वहिनी भाकरी थापत होती. तिचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा सुरू झाले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी निघायच्या आधी मी ओट्यावर बसून पिशवी भरत होते. वहिनी बादली घेऊन वर गेली ती बऱ्याच वेळानं खाली आली. पदरात उमलायला आलेल्या कळ्या होत्या. अर्ध्या तिनं आईला दिल्या, अर्ध्या पानात बांधून माझ्या पिशवीत ठेवल्या. आईनं वास घेतला आणि म्हणाली, “सूनबाईच्या हाताला गुण हाय बघ.”

मी म्हणाले, “व्हय.” आणि पिशवीची चेन लावली.