थर का पडतो, हे सांगणारी वत्सला

वत्सला गेल्याचा फोन नांदेडहून तिच्या मुलीनं केला. "मावशी, आई गेली… चहा घेतला आन् खुर्चीतच…" त्याला आता सव्वा महिना होत आला. पुण्यानुमोदनाच्या सभेत सगळे तिच्या साधेपणाबद्दल बोलले, म्हणून लिहायला बसले. वत्सला वाघमारे साधी नव्हती. ती जिंकणारी बाई होती.

कंधारच्या बौद्धवाड्यातून एम.एस्सी.पर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. लातूर नुकतंच जिल्हा झालं तेव्हा आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकवायला लागलो. ती रसायनशास्त्राला, मी गणिताला. नव्या जिल्ह्यात कचेऱ्यांवर रोज नव्या पाट्या चढत होत्या, पाऊस मात्र फिरकलाच नव्हता. वत्सलाला एकच वेड होतं. पाणी, अल्कोहोल आणि हायड्रोकार्बन एकत्र केले तर ते कधी एकजीव राहतात आणि कधी थर धरतात, हे बाटलीला हात न लावता आधीच सांगता येईल का? "प्रत्येक द्रवाला निसटायची ओढ असते," ती म्हणायची, "दोन्ही थरांत ती ओढ सारखी झाली, की समतोल." समीकरणं तिची, आकडेमोड माझी. अंदाज धरायचा, तपासायचा, सुधारून पुन्हा धरायचा… एकेका तापमानाला अख्खी दुपार जायची. स्टाफरूममध्ये कुणी विचारायचं, "मॅडम, दारू गाळून राहिल्या का?" ती माझ्याकडे पुढचा आकडा मागायची.

त्या हिवाळ्यात विहिरींवर पेट्रोलची इंजिनं लावून टँकर भरत होते. पेट्रोल पुरेना, म्हणून टँकरांच्या सरकारी कार्यशाळेनं त्यात स्पिरिट, म्हणजे अल्कोहोलच, मिसळायला सुरुवात केली. दुपारी इंजिन ठणठणीत चाले, सकाळच्या गारठ्यात बंद पडे. एकदा टाकीच्या तळाशी पाणीदार थर सापडला आणि कार्यशाळेच्या साहेबांनी ठरवून टाकलं, इंजिनवाल्या दगडूनं पेट्रोल चोरून पाणी घातलं. जळकोटकडच्या या दगडूची बायको आमच्या प्रयोगशाळेत झाडलोट करायची. ती वत्सलासमोर येऊन रडली. "बाई, त्यो असलं करनार न्हाई हो."

वत्सलानं फक्त मिश्रणाचं प्रमाण विचारून आणायला सांगितलं. तीन दुपारी आम्ही मान मोडून आकडे सोडवले. पेट्रोल म्हणजे शंभर द्रवांची खिचडी, म्हणून तिच्या जागी एकच हायड्रोकार्बन धरला. तिसऱ्या दिवशी तिनं पेन खाली ठेवलं. "अगं, पाणी कुणी घातलंच नाही! स्पिरिट कितीही गाळलं तरी त्यात थोडं पाणी राहतंच. ऊन असेपर्यंत ते मिसळून राहतं. पारा चौदा अंशांपर्यंत उतरला की थर पडणार."

कार्यशाळेत जाऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा साहेब हसले. "मॅडम, कागदावर इंजिन चालत नसतं."

"नसतं, साहेब. पण ते का बंद पडलं, हे कळतं."

तिनं त्यांच्याच माणसाकडून बंद पिंपांतलं पेट्रोल आणि स्पिरिट मिसळून घेतलं, बाटली बर्फाच्या बादलीत ठेवली आणि तापमापीवरचा आकडा साहेबांनाच वाचायला लावला. वीस… अठरा… सोळा. मिश्रण तसंच नितळ. मागं कुणीतरी खाकरलं. त्या आकड्यात माझी एक चूक असती, तर दगडू चोर ठरला असता. पंधरा… आणि चौदाला बाटली दुधाळ झाली. बघता बघता तळाशी आडवी रेघ उमटली. साहेबांनी दगडूला कामावर बोलवायला माणूस धाडला.

वत्सला एवढ्यावर थांबली नाही. स्पिरिट गाळताना जे उग्र वासाचं जड अल्कोहोल बाजूला काढतात, ते तिनं मोजून त्याच बाटलीत घातलं. तेही प्रमाण कागदावरच निघालं होतं. सहा अंशांपर्यंत मिश्रण आरशासारखं नितळ राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर दगडूनंच दोरी ओढली. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू! टँकरच्या तोंडातून पाणी ओसंडलं, घागरी घेऊन बाया धावल्या, आणि वत्सला सगळ्यांदेखत टाळ्या वाजवत ओरडली, "चाललं की कागदावर!" त्याच कामावर पुढं तिला डॉक्टरेट मिळाली.

मागच्या आठवड्यात नांदेडला तिच्या घरी गेले. तिच्या खोलीतला फळा मुलीनं पुसला नव्हता. निवृत्तीनंतर वत्सला तिथं पोरींना शिकवायची. तिचं शेवटचं समीकरण अर्धंच राहिलेलं, आणि उमरीची एक पोरगी त्याच्यासमोर खडू घेऊन उभी होती. मी दारातच थांबले. तिनं दोन ओळी लिहिल्या, एक खोडली, पुन्हा लिहिली. मग वळून मला म्हणाली, "मावशी, सुटलं. आता पुढलं घेऊ का?"

"घे," मी म्हणाले.