बाळंतपण न पाहिलेलं मॉडेल

ओझ्याने काही होत नाही, असं मी दादाला सांगितलं. हे वाक्य माझं होतं. ते कॉम्प्युटरवर ढकलून मला सुटता येणार नाही, कारण त्या वाक्याच्या जोरावर वहिनी पुढे दोन हंगाम द्राक्षांचे क्रेट उचलत राहिल्या.

दोन हजारनंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी सातपूरच्या एका कारखान्यात डिझाइनला होतो आणि नोकरी सांभाळून एम. ई. करत होतो. कारखान्यातलं काम सरळ असे. पत्र्याचा ब्रॅकेट कॉम्प्युटरवर उभा करायचा, त्याचे बारीक बारीक तुकडे पाडायचे, भार टाकायचा आणि कुठे किती ताण येतो ते रंगांत बघायचं. निळा म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका.

प्रोजेक्टसाठी नाशिकमधल्या एका डॉक्टरबाईंनी मला वेगळाच विषय दिला. बायकांचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय, मूत्राशय जागा सोडून खाली उतरतात. त्यांना तोलून धरणारी स्नायूंची झोळी कोणत्या भाराने किती खचते, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी दिलेल्या एमआरआयच्या फिल्मवरून मी आकार गिरवले, झोळी उभी केली आणि तिच्यावर पोटातला दाब टाकला. खोकल्याचा, उठण्याबसण्याचा, ओझं उचलण्याचा. झोळी जरा दबायची आणि परत जागेवर यायची. सगळं चित्र निळं. मी खूश होतो.

रंगीत प्रिंट घेऊन दिंडोरीला घरी गेलो. मिरवायलाच नेल्या होत्या. आई आणि दादासमोर मी त्याला नुसतं 'पोटातले स्नायू' म्हणालो, नेमकं काय ते बोललो नाही. चहा घेऊन आलेल्या वहिनींना मात्र कळलं असावं. त्या चित्राकडे बघत थांबल्या.

"भाऊजी, वजन उचलल्यावर यात काय होतं?"

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्या कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. मी मास्तरासारखा समजावत बसलो आणि शेवटी दादाकडे वळून ते वाक्य बोललो.

"ऐकलं का?" दादा वहिनींना म्हणाला. "आता तर कॉम्प्युटरनेच सांगितलं. लय झाली तुझी नाटकं."

आई म्हणाली, पोरं आम्हालाबी झाली, आम्ही नाही कधी कुरकुरलो. वहिनी कप उचलून आत गेल्या. त्यांनी दादाकडे क्रेट उचलण्यातून सुटका मागितली होती, हे मला तेव्हा कळलं. खरं तर त्याआधीच कळायला हवं होतं. बाळंतपणानंतर काम करता करता त्या मध्येच बांधावर टेकायच्या, बसल्या तर एका अंगावर कलून बसायच्या. मी पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं. दिराने भावजयीला असलं काही विचारायचं नसतं. परीक्षकांसमोर मी परक्या बाईच्या अंगाची चित्रं भिंतीएवढी करून दाखवत होतो, गर्भाशय हा शब्द न अडखळता उच्चारत होतो. माझ्याच घरातल्या बाईला 'दुखतं का' म्हणायला मला लाज वाटत होती. कसली ही लाज? आजही आठवलं की थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

डॉक्टरबाईंनी काम पाहिलं तेव्हा एवढंच विचारलं, "हा स्नायू कुठल्या बाईचा?"

मी सांगितलं, तरुण, निरोगी, मूल न झालेली.

"म्हणजे जिला हा त्रास होणारच नाही, तिचं मॉडेल केलंत तुम्ही."

कारखान्यातली सवय. तिथे आम्ही भाग तपासतो तो नवा कोरा, आणि भार टाकतो एकदाच. पत्रा बाळंत होत नाही. मी झोळीची एक बाजू हाडापासून सुटलेली धरली, बाळंतपणात ती अनेकींची सुटते. बंध सैलावलेले धरले. तोच क्रेटचा भार पुन्हा पुन्हा टाकला. दर वेळी झोळीच्या मधली फट वाढत गेली, गर्भाशय खाली सरकलं ते परत वर आलं नाही. चित्र लाल झालं.

आता फक्त फोन उचलायचा होता. मी प्रबंध दुरुस्त केला, पदवी घेतली, घरी पेढे पाठवले आणि दादाला काहीच सांगितलं नाही. सांगायचं तर तो विषय त्याच्यासमोर काढावा लागणार होता, वर 'मी चुकलो' असंही म्हणावं लागणार होतं. पहिली चूक अज्ञानाची म्हणा. ही मी समजून उमजून केली.

दुसऱ्या हंगामात पॅकिंगच्या शेडमध्ये वहिनींची लघवी अडली. त्यांना नाशिकला त्याच डॉक्टरबाईंकडे आणलं, ऑपरेशन झालं. वॉर्डाबाहेर दादा मला विचारत होता, पुढच्या हंगामाला ही क्रेट उचलेल ना? त्याची कॉलर धरावी इतकी चीड आली. पण तो माझ्याच वाक्यावर चालला होता.

आत जाऊन मी वहिनींची हळू आवाजात माफी मागितली. त्यांनी छताकडे बघत ऐकून घेतलं.

"मला एकटीला सांगून काय उपयोग, भाऊजी? तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात."

त्या घरी परतल्यावर मी दिंडोरीला गेलो. दादा होता, आई होती, वहिनी दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. मी सगळ्यांसमोर बोललो.

"दादा, ओझ्याने काही होत नाही, हे मी सांगितलं ते साफ चूक होतं. वहिनींचं अंग बाहेर येत होतं आणि आपण त्यांना क्रेट उचलायला लावले. चूक कळल्यावरही मी गप्प बसलो. यापुढे त्यांनी जड काही उचलायचं नाही, हे मी आईसमोर सांगतोय. वहिनी, मी चुकलो. मला माफ करा."